दहावं पॅनेल

४ ऑक्टोबर

आत्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरचे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही. मागच्या वेळी आपण बोलत होतो तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक भांडण सोडवायला वर आले होते. म्हणून हा कागद.

आधी वाईट बातमी. कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षात. बाबांनी तुला कळवलं असेलच, आणि मी सरांच्या अंगावर धावून गेलो असंही कळवलं असेल. धावून गेलो नाही. चालत गेलो, जरा भरभर.

आता चांगली बातमी. नोकरी लागली. घरांवर सोलर बसवणाऱ्या एका मिस्त्रींच्या हाताखाली आहे. सगळे त्यांना 'मोठे मिस्त्री' म्हणतात, छोटे मिस्त्री कोण ते अजून कळलेलं नाही. बहुतेक मीच.

तिसरी बातमी चांगली की वाईट, ते तू ठरव. आमचं सध्याचं काम एका उबवणी केंद्राच्या छपरावर आहे. म्हणजे अंडी मोठ्या यंत्रात ठेवून पिल्लं काढतात ते. मालकांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी थर्मामीटर असतो, त्यामुळे गल्लीत त्यांचं नावच थर्मामीटर पडलंय. त्यांची मुलगी सगळा कारभार बघते. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "बूट बाहेर. आणि आवाज खाली, आत अंडी आहेत." आत्या, मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललो. ती एकेक अंडं दिव्यासमोर धरते, आत जीव धरलाय की नाही ते बघते आणि बाजूला ठेवते. मग तिने माझ्याकडेही तसंच पाहिलं. निकाल सांगितला नाही.

आता मुद्दा. मिस्त्री म्हणतात नऊ पॅनेलं बसवायची. छपरावर ओळीत जागा दहाची आहे. काल ती रस्त्यात उभी राहून वर बघत होती. म्हणाली, "एक दात पडल्यासारखं दिसतंय." तेव्हापासून मला झोप नाही. तू आयुष्यभर मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत काढलंस, तूच सांग, नवाच्या जागी दहा लावली तर आभाळ कोसळेल का?

तुझा,
भाचा

---

११ ऑक्टोबर

चिरंजीव तडतड्या,

आशीर्वाद आहेत, पण जपून वापर, तुझ्या वाट्याचे संपत आलेत.

तुझा बाप म्हणतो तू धावून गेलास. तू म्हणतोस चालत गेलास. सर तिथून पळाले का, एवढंच सांग, म्हणजे कोण खरं बोलतंय ते मला कळेल.

मुलीचं नंतर बघू. आधी विजेचं. पॅनेलं एकापाठोपाठ एक ओळीत जोडली की त्यांचे व्होल्ट बेरजेने वाढतात. मुलीवरची छाप तशी बेरजेने वाढत नाही, हे लक्षात ठेव. ते सगळे व्होल्ट जाऊन पडतात इन्व्हर्टरवर. त्याला दोन मर्यादा असतात. खालच्या मर्यादेच्या खाली राहिलास तर तो झोपून राहतो. वरच्या मर्यादेच्या वर गेलास तर कायमचा झोपतो, मग त्याला कुणी हलवून उठवू शकत नाही. बॅटरीचंही तसंच. इन्व्हर्टर अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटरीसाठीचा असेल तर बॅटरीही अठ्ठेचाळीसची. जुनी बॅटरी घरात पडलीय म्हणून नवीच्या गळ्यात बांधायची नाही.

तेव्हा तीन गोष्टी कळव. पॅनेलच्या पाठीमागे मोकळे व्होल्ट, म्हणजे काहीही न जोडता येणारे, किती छापलेत. इन्व्हर्टरची वरची मर्यादा किती. आणि तुमच्याकडे पहाटे थंडी किती पडते. तिसरं विसरू नकोस.

मिस्त्री नऊ म्हणतात तर काहीतरी हिशोब असेल. विचार. विचारताना हात खिशात ठेव.

तुझी आत्या

---

१९ ऑक्टोबर

आत्या,

विचारलं. मिस्त्री म्हणाले, "नऊ." मी म्हणालो, "का?" ते म्हणाले, "मी सांगतो म्हणून." हे वाक्य मी कॉलेजात ऐकलं होतं आणि त्यावर कॉलेज सोडलं, तर मिस्त्रींचं दुकान काय चीज आहे? पॅनेलचे जोड उघडायची एक प्लॅस्टिकची चावी असते, ती माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली. जरा लांबून ठेवली. मिस्त्रींच्या चपलेवर पडली. मग मी तिथून निघालो.

पगाराच्या जागी काय हवं म्हणाले, मी म्हणालो एक पॅनेल द्या. त्यांनी दिलं. माणूस वाईट नाही, फक्त बोलत नाही.

तर आता ऐक. पॅनेलच्या पाठीवर पंचेचाळीस व्होल्ट छापलेत. नऊ म्हणजे चारशे पाच. दहा म्हणजे साडेचारशे. आणि इन्व्हर्टरची मर्यादा किती असेल? साडेचारशे. बरोब्बर. अशी जोडी शोधून सापडायची नाही. मिस्त्रींनी पंचेचाळीस व्होल्ट नुसते वाया घालवले होते.

दुकानाला सुट्टी होती त्या दिवशी मी दहावं चढवलं आणि ओळीत जोडलं. जोडताना चावी लागत नाही, नुसतं टक् करून बसतं. भर दुपारी, रणरणत्या उन्हात मीटर लावला. चारशे दोन. आत्या, साडेचारशेसुद्धा नाही, चारशे दोन. अजून एक पॅनेल सहज खपेल, पण जागा नाही.

बॅटरीच्या बाबतीत मी शहाणपणा केला, ते लिहून ठेव. थर्मामीटर काका त्यांची जुनी चोवीस व्होल्टची बॅटरी घेऊन आले, म्हणाले हीपण लावून टाक, पडून आहे. मी नाही म्हणालो. नवी अठ्ठेचाळीसची तेवढीच ठेवली. काका म्हणाले, "मुलगा कमी शिकलाय पण पक्का आहे." तिने ऐकलं. मला दिसलं, तिने ऐकलं.

आणि दहावं बसल्यावर ती रस्त्यावर आली, वर बघितलं, म्हणाली, "आता बरं दिसतंय." बस, एवढंच म्हणाली. मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

माझ्या शब्दावर काकांनी जुना जनरेटर विकून टाकला. म्हणाले आता कशाला हवा, घरचं ऊन आहे.

तू थंडीचं विचारलंस. काळजी करू नकोस, स्वेटर आहे आणि खोकलाही गेला.

तुझा,
भाचा

---

२६ ऑक्टोबर

चिरंजीव गाढवास,

तुझ्या खोकल्याशी मला काय करायचंय? मी पॅनेलच्या थंडीचं विचारलं होतं.

नीट वाच आणि प्रत्येक ओळीनंतर थांब. पंचेचाळीसचा आकडा छापलाय तो पंचवीस अंशाला मोजलेला असतो. पॅनेल तापलं की व्होल्ट उतरतात, गारठलं की चढतात. दर दहा अंशांना शेकडा तीन, धर. तू भर दुपारी मोजलंस तेव्हा पॅनेलाच्या पाठीवर भाकरी भाजली असती, म्हणून तुला चारशे दोन दिसले. त्यावर तू खूश. हिवाळ्यात पहाटे दहा अंशांपर्यंत पारा गेला की तीच दहा पॅनेलं चारशे सत्तर देतील. इन्व्हर्टर साडेचारशेचा. पुढचं गणित तुला कॉलेजात शिकवलं असेल, नसेल तर मी शिकवते. जळेल.

उजाडायच्या वेळी सगळ्यात वाईट. पॅनेल रात्रभर गारठलेलं असतं, इन्व्हर्टर अजून कामाला लागलेला नसतो, आणि जरा उजाडलं की व्होल्ट पूर्ण चढून बसतात. करंट नसतो, नुसता दाब. हुबेहूब तू. काम शून्य, जोर पूर्ण.

मिस्त्री नऊ का म्हणत होते ते आता कळलं असेल. नवाला चारशे तेवीस होतात, आरामात बसतात. त्यांना सांगता आलं नाही आणि तुला ऐकता आलं नाही. दोघं मिळून एक शहाणा माणूस झाला असता.

दहावं काढ. आणि चोरून काढू नकोस. त्या मुलीला सांग, तिच्या वडिलांना सांग, मिस्त्रींकडून चावी माग. अंडी त्यांची आहेत, जनरेटर त्यांनी तुझ्या जिवावर विकलाय.

आत्या

---

८ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा गणित केलं, तिसऱ्यांदा कॅलेंडरवर थंडीपर्यंतचे दिवस मोजले. तुझं बरोबर आहे. हे वाक्य लिहायला मला बारा दिवस लागले, म्हणून उशीर.

पण तुला इथली परिस्थिती कळत नाही. काका मला आता 'इंजिनीअर' म्हणतात. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला छपराखाली उभं करून दाखवतात, "हे सगळं याने." आणि ती. परवा तिने मला आत बोलावून नुकतं फुटलेलं अंडं दाखवलं. पिल्लू बाहेर यायच्या आधी चोचीने कवचाला एक भोक पाडतं, मग कितीतरी वेळ नुसतं पडून राहतं. मी विचारलं, "मदत करायची का, जरा कवच सोलून?" ती म्हणाली, "हात लावायचा नाही. घाई करणाऱ्याने पिल्लं मारली आहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला हे जमणार नाही, नाही का?" आणि हसली. मी म्हणालो, जमेल. आता तूच सांग, अशा माणसाला जाऊन कसं सांगू की तुमच्या छपरावर मी बॉम्ब ठेवलाय, तो तुमचा एक दात भरून काढायला?

मिस्त्रींकडे गेलो होतो. दुकानाच्या दारापर्यंत. ते आत बसून स्क्रू निवडत होते. वर बघितलं. पुन्हा स्क्रूंकडे वळले. मीही वळलो. परत आलो.

म्हणून असं ठरवलंय. थंडी अजून पडलेली नाही, पहाटे नुसता गारवा असतो. एक दिवस उजाडायच्या आधी, अंधारात व्होल्ट नसतात तेव्हा, शिडीने चढायचं, दहाव्याचे दोन जोड काढायचे, नवव्याचा सरळ पुढच्या वायरला जोडायचा आणि उतरायचं. पॅनेल तिथेच राहील. रस्त्यावरून ओळ पूर्ण दिसेल. कुणालाच कळणार नाही. चावी नाही, पण पक्कड आहे.

तू रागावशील हे माहीत आहे.

तुझा,
भाचा

---

१५ नोव्हेंबर

रागावले नाही, घाबरले. उत्तरेकडून थंडी येतेय असं आज बातम्यांत आहे. इथे दोन दिवसांत स्वेटर निघाले, तुमच्याकडे आठवड्याभरात निघतील. पक्कड घेऊन छपरावर चढलास तर मी तुला ओळखत नाही. दारातून जा आणि सांग. हे कार्ड मुद्दाम उघडं पाठवतेय, पोस्टमनने वाचलं तरी चालेल. त्याला जास्त अक्कल असेल.

आत्या

---

२४ नोव्हेंबर

आदरणीय आत्याबाईंना,

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमच्या भाच्याने तुम्हाला माझ्याबद्दल बरंच लिहिलंय हे आता सगळ्या गल्लीला माहीत आहे. काल त्यांना ताप होता, हाताची दोन बोटंही बांधली आहेत, म्हणून हे पत्र मी लिहितेय. काळजीचं काही नाही. तुमचं उघडं कार्ड काल आमच्या दारात आलं. पत्ता त्यांनी आमचाच दिला होता, का ते त्यांनाच विचारा. मी वाचलं. पोस्टमनने आधीच वाचलं होतं आणि तो तुमच्याशी सहमत आहे.

झालं ते सांगते. काल उजाडायच्या वेळी मी यंत्राच्या खोलीत होते. त्या दिवशी शेकडो अंड्यांना चोच लागली होती, म्हणजे पिल्लं कवच फोडायला लागली होती, त्या वेळी यंत्र बंद पडून चालत नाही. आणि बाहेर या वर्षातली पहिली खरी थंडी. बाबा अंगणात आले तर छपराला आमची शिडी लावलेली, वर कुणीतरी हलतंय. बाबांना वाटलं चोर. त्यांनी आधी शिडी काढून बाजूला ठेवली आणि मग विचारलं, "कोण आहे वर?"

"मी आहे."

"मी कोण?"

"सोलरवाला."

"सोलरवाले सूर्य उगवल्यावर येतात."

वरून पक्कड घसरल्याचा आवाज आला आणि मग एक शब्द आला, तो मी लिहीत नाही. बोटं तेव्हाच चिरडली. गारठ्याने तो प्लॅस्टिकचा जोड आवळून बसला होता आणि चावीशिवाय उघडत नव्हता. इकडे पूर्व उजळायला लागली. तेव्हा उजेड अडवायला त्यांनी स्वेटर काढला आणि एका पॅनेलावर अंथरला. मग शर्ट काढला, तो दुसऱ्यावर. पॅनेल केवढं आणि शर्ट केवढा. त्या थंडीत नुसत्या बनियनवर दोन्ही हात पसरून ते तिसऱ्या पॅनेलावर आडवे झाले. खाली गिरणीवाले, दूधवाले, शाळेत निघालेल्या बाई, सगळे जमले. बाबा म्हणाले, "इंजिनीअर, वेड लागलंय का?"

तेव्हा ते ओरडले. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणतात, आत्याबाई, पण तो आवाज तुमच्यापर्यंत आला असेल.

"काका, आत लाल स्विच आहे तो बंद करा. आत्ता. दहावं पॅनेल चुकीचं आहे. थंडीत व्होल्ट चढतात, तुमचा इन्व्हर्टर जळेल. मी बसवलं. मिस्त्री नाही म्हणत होते. आत्याही नाही म्हणत होती. मला महिनाभर माहीत आहे."

"माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"लाज वाटली म्हणून."

"आणि नको म्हणत होते तर बसवलंस कशाला?"

सगळ्यांनी वर माना केल्या. दूधवाल्याने तर कॅन खाली ठेवला. वरून जरा खालच्या आवाजात आलं, "त्यांना एक दात पडल्यासारखं दिसत होतं म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते, हातात अंड्यांचा ट्रे. त्यानंतर गल्लीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण मी आत पळाले. इन्व्हर्टरच्या खिडकीत चारशे एक्केचाळीस होते आणि बघता बघता चव्वेचाळीस झाले. मी स्विच खाली ओढला. आकडा गेला, खोली शांत झाली, आणि यंत्र बॅटरीवर चालतच राहिलं. जुनी बॅटरी जोडू दिली नाही हे त्यांनी खरंच चांगलं केलं, ते तुम्हाला लिहायला सांगितलंय. तापात दोनदा सांगितलंय.

बाबांनी शिडी लगेच लावली नाही. आधी दूधवाल्याला सायकलवर मिस्त्रींकडे पिटाळलं. मिस्त्री आले तोवर तुमचे भाचे वरच, बाबांनी वर फेकलेली घोंगडी पांघरून. मिस्त्रींनी वर बघितलं, खाली बघितलं, शिडी लावली आणि चढले. खिशातून ती प्लॅस्टिकची चावी काढून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, "या वेळी हळू ठेव." ते एवढं बोलले हे पाहून गिरणीवाल्यांना धक्का बसला. दोघांनी मिळून दहावं सोडवलं, नऊ जोडली. मिस्त्रींनी मीटर लावून आकडा त्यांना दाखवला, आणि या वेळी का नऊ, तेही सांगितलं. बराच वेळ सांगत होते. मला खालून दिसत होतं, तुमचे भाचे मान हलवत होते आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत.

खाली उतरवलं तर दात वाजत होते. आमच्या घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे पिल्लांची खोली, तिथे बसवलं. बाबांनी स्वतःचा थर्मामीटर त्यांच्या काखेत घातला. बाबा तो कुणाला हातही लावू देत नाहीत. एकशे दोन ताप निघाला. दुपारपर्यंत पिल्लं बाहेर यायला लागली. एक पिल्लू कवचात अडकलं होतं, आणि मी बघत होते, ते बांधलेली बोटं मांडीखाली दाबून बसले होते. हात लावला नाही. पिल्लू आपोआप आलं.

दाताबद्दल मी सहज बोलले होते, आत्याबाई. माणूस एवढं मनावर घेतो हे मला माहीत नव्हतं. आता त्यांच्यासमोर मी जपून बोलते. कधीकधी मुद्दाम बोलते.

बाबा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाही. तुमच्या भाच्याने चूक सांगितली ती सगळी गल्ली ऐकत असताना, आणि माझ्याबद्दलही सांगितलं ते सगळी गल्ली ऐकत असताना. बाबांना कशाचा राग आलाय ते त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं, असं मला वाटतं. संध्याकाळी ताप उतरल्यावर तुमचे भाचे निघाले. दाराशी बूट हातात घेतले आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, "काका, जोड एकदा तपासायला हवेत. परवा येऊ का? शिडी लागेल."

बाबांनी थर्मामीटर झटकला, खिशात ठेवला.

"ये. चहाला ये. पण दाराने ये."

आणि अंगणातली शिडी उचलून घरात आणली आणि तिला कुलूप लावलं.

तुमची,
उबवणीवाली